डेनिमचा बॅनर

प्रज्वलचा फोन आला तेव्हा अनंता कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्सचं कापड कापत होता. प्रज्वल त्याचा मेहुणा.

"दाजी… ताई गेली."

अनंताने मशीन बंद केलं. हातावरची निळी भुकटी झटकली, सेठला सांगितलं आणि तो खाली उतरला. अंबरनाथची शेअर रिक्षा उभी होती. "दोन सीट, दोन सीट!" रिक्षावाला ओरडत होता. अनंता बसला. अजून एक माणूस आल्याशिवाय रिक्षा हलणार नव्हती. माझी बायको गेलीय, चला, एवढं म्हणायला काय लागतं? तो बसून राहिला. याच रस्त्यावर, सगळी दुकानं बंद असताना, अक्षदा त्याला पहिल्यांदा भेटली होती.

त्या दिवशी मोर्चा होता. मोठ्या कारखान्यांवर आणि गोदामांवर जादा कर लावायचं घाटत होतं. छोट्यांना तो लागणार नव्हता. तरी सगळे सेठ सांगत सुटले, "आज आमच्यावर, उद्या तुमच्या खोलीवर." कारखाने बंद ठेवले आणि कारागीर रस्त्यावर आले. बॅनर रंगवून घ्यायचा तर पोरं म्हणाली, रंगवायचा कशाला, आपण शिवणारी माणसं! मग डेनिमचाच बॅनर शिवला. पिवळ्या दोऱ्याने, डबल सुईवर अक्षरं: 'टॅक्स हटाव, कारखाना बचाव'. दिसायला झकास. पण ऑगस्टचा पाऊस लागला, कापड पाणी प्यायलं आणि पखालीसारखं जड झालं. एक काठी अनंताकडे होती; दुसरी धरणारा "चहा मारून येतो" म्हणून गेला तो गेलाच.

बॅनरचं एक टोक चिखलात लोळायला लागलं. शेजारून एक मुलगी छत्री घेऊन चालली होती.

"अहो मॅडम, जरा धरा ना!"

"मी मोर्चातली नाही."

"काठीला कुठं कळतंय!"

तिने छत्री मिटली आणि काठी धरली. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "तुमचा कारखाना कुठला?"

"माझा? मी कटिंग मास्तर. कारखाना सेठचा."

"मग कर कोणाला लागणार?"

"सेठला."

"आणि भिजतंय कोण?"

अनंताने तिच्याकडे बघितलं. केस गालाला चिकटलेले, बाहीला चिखल… "मी," तो म्हणाला. "आणि आता तुम्ही."

ती हसली. कापडाचा रंग कच्चा होता. मोर्चा संपला तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

अक्षदा सोनिवलीची. इतिहासात एम. ए. करत होती. श्रीमंतांवरच्या कराविरुद्ध गरीब माणसं का चालतात, हे तिला लिहायचं होतं. "अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी खेड्यातली माणसं अशीच उठली होती," ती सांगायची. "मागे बडे लोक, पुढे साधे. पुस्तकात मागच्यांची नावं सापडतात रे. पुढच्यांना कोणी विचारतच नाही." ती विचारायची. फोनवर रेकॉर्ड करायची. अनंता तिला मोर्चातल्यांची घरं दाखवायचा, आणि घरं संपू नयेत म्हणून लांबच्या गल्लीने न्यायचा.

अंबरनाथच्या सुंदराबाई पूर्वी अशाच एका मोर्चात सगळ्यांत पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "मालकानं माझ्या पोरीच्या लग्नाला साडी धाडली व्हती. मग चालायला नको?" नंतर अनंताकडे बघून म्हणाल्या, "यो तुजा कोण गं?"

"हा… बॅनरवाला."

"बरा हाय. ठेव."

मग एका रसवंतीत अक्षदाने फोन टेबलावर ठेवला. "आता तुझी पाळी. मोर्चात का आलास?"

"पोरी बघायला."

"अनंता!"

तो ग्लास फिरवत राहिला. "मला वाटायचं… एक दिवस माझाही कारखाना होईल. मोठा. म्हणजे तो कर माझ्यावरच ना? म्हणून चाललो."

ती हसली नाही. "आणि आता काय वाटतं?"

"आता कारखाना राहू दे. एक खोली असावी. तिला खिडकी. आणि खिडकीत तू… बस."

अक्षदाने रेकॉर्डिंग थांबवलं. पुसूनही टाकलं.

"अगं, पुसलंस का?"

"हे इतिहासात नको. हे माझं आहे." ती लाजली होती, पण डोळे खाली घेतले नाहीत. "इतिहासासाठी तू परत सांगायचंस. नीट. खिडकी वगळून."

"सांगतो की. उद्या."

तो उद्या काही आला नाही. कर रद्द झाला. दोघांनी लग्न केलं, सोनिवलीत खोली घेतली. तिला खिडकी होती. अनंता कापायचा ते सेठचंच कापड कापत राहिला. मग अक्षदाला रक्ताचा आजार निघाला. एक दवाखाना झाला, दुसरा झाला. अनंता कामावरून सुटला की बदलापूरच्या दवाखान्यात जाऊन तिच्या खाटेशी बसायचा. झोपेने त्याचे डोळे मिटायचे, पण तो बसायचा.

"सगळ्यांचं लिहून झालं," ती म्हणायची. "फक्त तुझं राहिलंय."

"आधी बरी हो. मग सांगतो."

"लबाड!" ती त्याचं बोट धरायची. पकड रोज थोडी सैल होत होती.

त्याला तेव्हा वाटायचं, अक्षदा काम अर्धं टाकणारी बाई नाही. एक माणूस बाकी आहे तोवर ती जायची नाही. म्हणून तो सांगत नव्हता. तिला हे कळलं होतं. शेवटी शेवटी तिने विचारणं सोडलं, नुसती बघायची आणि हसायची.

रिक्षात चौथा माणूस आला. रिक्षा निघाली.

त्याला काही महिने झाले. आता थंडी पडली आहे. तिचं लिखाण प्रज्वलने टाइप करून दिलं. तिला शिकवणाऱ्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, पुस्तक होईल. सुंदराबाईंचं त्यात आहे, सुट्टी मिळाली म्हणून चाललेल्यांचं आहे, सगळे चालले म्हणून चाललेल्यांचंही आहे. शेवटची दोन पानं बाईंनी अनंतासाठी कोरी ठेवली आहेत.

मागच्या रविवारी अनंता फोन घेऊन बसला. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. विचारायला कोणी नव्हतं. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं.

सगळ्यांचं झालं आहे. अनंताचं अजून सांगायचं राहिलं आहे.