खळीचं वजन

इचलकरंजीत आता तुरुंग नव्हता, काळघर होतं. त्याचं कौतुक सांगताना पुढारी थकत नसत. दुपारी आत जायचं, दहा वर्षांची शिक्षा भोगायची आणि दिवेलागणीला घरी! सरकारचा भाकरीचा खर्चही वाचला, म्हणे.

आज आत होती कांचन मुसळे, यंत्रमागावर काम करणारी. काचेच्या अलीकडे तिचा नवरा मल्हारी उभा होता.

"मॅडम, ती तर झोपलीया. मग दहा वर्षं कुठली?"

"झोपलेली नाही," डॉ. अरुंधती केतकर म्हणाल्या. यंत्र त्यांचंच. "डुलकीत आपण अख्खं लग्न पार पाडतो ना? तसं. आम्ही मेंदूचं घड्याळ पळवतो. त्याला घनकाळ म्हणतात. तुमची एक दुपार, तिची दहा वर्षं. एका कोठडीत, एकटीनं."

"पण बाहेर एकच दुपार हाय, हे तिला ठाऊक हाय की!"

"सुरुवातीला लक्षात राहतं. पुढं माणूस विसरतो."

गुन्हा काय, तर धाकट्या भावाच्या खिशात कांचनला चिमूटभर नशेची पूड सापडली. पुन्हा त्याच्या हाती लागू नये म्हणून तिनं ती सुताला लावायच्या खळीत ओतली. सुतावर चढेल, वाळेल, ब्याद जाईल! पण तेवढ्यात पोलीस आले आणि त्यांनी अख्खं पातेलं तोललं. मिसळलेल्या मालाचं सगळं वजन धरायचं, असा कायदा. तेवढ्या वजनाला किमान दहा वर्षं. न्यायाधीश हळहळले. "मला कळतंय, बाई. पण त्याहून कमी द्यायचा अधिकार मला नाही."

अहो, पूर्वी या किमान शिक्षेवरून विधानसभेत रान उठायचं. घनकाळ आला आणि सगळे चिडीचूप झाले. एका दुपारसाठी कोण भांडतं?

तेवढ्यात वकिलाचा फोन आला. वरच्या कोर्टानं शिक्षेला स्थगिती दिली होती. मल्हारी काचेवर हात आपटत ओरडला, "मॅडम, थांबवा! बंद करा ते!"

"मधेच तोडलं तर ती शुद्धीवर येणारच नाही."

"मग हे कायदा करताना बोलायला काय झालं होतं?"

"बोलले होते हो. पुढारी म्हणाले, एका दुपारचा तर प्रश्न आहे."

मल्हारी काचेला कपाळ टेकून उभा राहिला. आत कांचनच्या पापण्या फडफडत होत्या. त्या प्रत्येक फडफडीत तिचे किती दिवस जातायत, हे विचारायचंही त्याला धाडस होईना.

दिवे लागले तेव्हा दार उघडलं. कांचन भिंतीला धरून बाहेर आली. केस काळेच होते, अंगावर सकाळचीच साडी होती. मल्हारी धावला. ती दचकून मागं सरली, मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"एकदा तरी भेटायला यायचं होतं हो."

"अगं, मी हितंच होतो! काचेपाशी! हललोसुद्धा नाही!"

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, पण रागही आलेला दिसत नव्हता.

"पहिली काही वर्षं लई वाट बघितली," ती म्हणाली. "आता खरं सांगा. घरात दुसरी आणलीत?"