रेवानं दिलेलं उत्तर

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझी हरकत नाही. मी स्वतः तिथे नसते तर मीही ठेवला नसता.

पण हे घडलंय. माझ्या घरात. माझ्या डोळ्यांदेखत.

आणि ती काही अमावस्येची मध्यरात्र वगैरे नव्हती. ऑक्टोबर संपत आला होता. मंगळवार होता. संध्याकाळची वेळ. बाहेर नीट अंधारसुद्धा पडला नव्हता. माझे हात कणकेत होते.

जागा सांगते. जपान. साइतामा. तोक्योपासून ट्रेननं तासभर, मग स्टेशनवरून बस, मग चढ. वसाहतीचं नाव सांगणार नाही. तिथे अजून माणसं राहतात.

मी शाल्मली. माझा नवरा प्रमथ तोक्योत नोकरीला. आमची रेवा तेव्हा पाच वर्षांची होती. जन्म तिथलाच. तोक्योतल्या खुराड्याएवढ्या घरात ती मोठी होत होती, म्हणून आम्ही बाहेर घर शोधत होतो.

परदेशी माणसाला तिथे घर मिळणं म्हणजे काय, ते जाऊन आलेल्यांनाच कळेल. फोनवर गोड बोलतात. आडनाव ऐकलं की घर "नुकतंच गेलं".

असे कितीतरी नकार पचवल्यावर कामेई नावाचे एक एजंट भेटले. गोलमटोल, सतत रुमालानं मान पुसणारे.

"वहिनी, एक घर आहे. दोन मजली. मागे अंगण. आणि भाडं ऐकाल तर लगेच हो म्हणाल."

"आम्ही परदेशी आहोत," प्रमथनं आधीच सांगून टाकलं. "चालेल ना?"

"चालेल काय साहेब! मालकीणबाईंना परदेशीच हवेत. जपानी भाडेकरू नकोच म्हणतात."

रस्त्यावर आल्यावर प्रमथ हसत सुटला. "शाल्मली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपला पासपोर्ट कामाला आला गं!"

मीही हसले.

तेव्हा.

घर चांगलं होतं. वसाहतही चांगली. फक्त... शांत होती.

म्हणजे किती शांत? सकाळी नोकरदार आणि पोरंबाळं बसनं स्टेशनला निघून जायची, की मागे फक्त म्हातारी माणसं उरायची. अर्धी घरं बंदच. दुपारी कपडे वाळत घालताना मला माझ्याच चिमट्यांचा आवाज ऐकू यायचा.

रिवाजाप्रमाणे आम्ही आजूबाजूला मिठाईचे पुडे घेऊन भेटायला गेलो. शेजारच्या शिओबाराबाईंनी पुडा घेतला, वास घेतला, आणि रेवाकडे बघून डोळे मिचकावले.

ऐंशीच्या घरातली बाई. एकटी. जीभ तिखट.

"तुमच्या फोडणीचा वास माझ्या वाळत घातलेल्या चादरींना लागतो हं," एकदा कुंपणावरून म्हणाल्या.

मी ओशाळले. "माफ करा, मी खिडकी लावत जाईन."

"लावू नकोस बाई. नवरा गेल्यापासून माझ्या चादरींना कसलाच वास नव्हता."

मग जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "घरात तुम्ही कुठली भाषा बोलता?"

"मराठी."

"छान. घरात तीच बोला." दोन पावलं जाऊन वळल्या. "संध्याकाळी तर तीच बोला."

मला वाटलं, म्हातारीला आपल्या भाषेचं कौतुक आहे.

पहिल्यांदा ऐकलं ते आठवड्याभरातच.

तिथे रोज संध्याकाळी पाचला खांबांवरच्या भोंग्यांतून एक धून वाजते. मुलांनो, घरी जा, म्हणून. ती वाजून गेली, की खालच्या वळणावर बस थांबायची. दोनचार माणसं उतरायची. त्यांच्या बुटांचा आवाज चढावरून वर यायचा आणि एकेका फाटकात विरून जायचा.

एक आवाज मात्र आमच्या फाटकापर्यंत यायचा.

फाटकाची कडी वाजायची.

मग दारापाशी... पावलं थांबायची.

आणि एक पुरुषी आवाज. दमलेला. दिवसभर काम करून आलेल्या माणसाचा.

"तादाइमा..."

म्हणजे आपलं "आलो गं." घरी आलेला माणूस दारातच म्हणतो. आणि घरात जे कुणी असेल ते म्हणतं, "ओकाएरी." आलास? ये. रोजचंच. मुद्दाम कुणी म्हणत नाही, तोंडातून निघतं.

मी जाऊन दार उघडलं.

कुणी नव्हतं.

फाटकाची कडी लागलेली होती.

शेजारच्या घरातला आवाज असेल, म्हटलं. घरं चिकटूनच तर आहेत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

प्रमथला सांगितलं. त्याला यायला आठ वाजायचे, त्यामुळे त्यानं कधी ऐकलंच नाही. रेवालाही मी एरवी पाळणाघरातून सहाच्या सुमारास आणायचे.

"दिवसभर एकटी असतेस. कान वाजतात तुझे," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "रविवारी बघू या."

रविवारी काहीच आलं नाही. शनिवारीही नाही.

सुट्टीच्या दिवशी ते येत नसे...

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. पावलं यायची. रोज यायची.

परत जाताना कधीच ऐकू आली नाहीत.

मग तो आवाज देऊन जायचा कुठे? की दाराबाहेर नुसताच उभा राहायचा... कुणीतरी ये म्हणेपर्यंत?

त्या मंगळवारी दुपारी मी शिओबाराबाईंकडे गेले. त्या ओसरीवर बसून तेंडूसारखी दिसणारी ती केशरी फळं सोलून वाळवायला दोरीत ओवत होत्या. मी सगळं सांगितलं.

त्यांच्या हातातली सुरी थांबली.

"उत्तर दिलं नाहीस ना?"

"नाही. कोण आहे ते?"

"माहीत नाही गं. खरंच नाही. आम्ही राहायला आलो तेव्हापासून येतं." त्यांनी ओल्या हातांनी एप्रन चुरगाळला. "त्या घरात राहणारे सगळे उत्तर द्यायचे. जपानी माणूस झोपेतसुद्धा देईल. लहानपणापासून जिभेवर बसलेलं असतं. म्हणून तर मालकीण आता परदेशी माणसं ठेवते. तुम्हाला ती सवय नसते."



मला सवय नव्हती. प्रमथला नव्हती.

पण रेवा... रेवा वर्षाची असल्यापासून जपानी पाळणाघरात जात होती.

"उत्तर दिलं तर काय होतं?"

शिओबाराबाईंनी मान खाली घातली. "तू आज संध्याकाळी पोरीला घेऊन बाहेरच थांब. उद्या बोलू."

मी थांबणारच होते. शप्पथ सांगते. पण पाळणाघरात गेले तर रेवाला कणकण होती. अंग तापलेलं. बाहेर गार वारा सुटला होता. तिला घेऊन कुठे फिरणार?

घरी आणलं. सगळ्यात आतल्या खोलीत बसवलं. टीव्हीवर कार्टून लावलं, आवाज मोठा केला. आणि तिला दोन घास भरवावेत म्हणून कणीक मळायला घेतली. लक्ष सगळं घड्याळाकडे.

धून वाजली.

मी कणकेच्या हातांनीच आतल्या खोलीकडे निघाले. म्हटलं, तिचे कान झाकून बसू.

बस थांबली. पावलं...

आणि टीव्ही बंद पडला.

माझा हात लागला नव्हता. रेवाचाही नाही. रिमोट टेबलावर होता.

घरात इतकी शांतता झाली, की रेवाचा श्वास ऐकू येत होता.

कडी वाजली.

"तादाइमा..."

मी धावले. चार पावलांचं अंतर असेल. माझा हात तिच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत...

"ओकाएरीऽऽ!"

गोड, लांबवलेला सूर. पाळणाघरात शिकवतात तसा.

मी तिला छातीशी घट्ट धरलं. माझ्या हातांची कणीक तिच्या केसांना लागली. आम्ही दोघी तशाच बसलो.

बाहेर काहीच नाही.

मग... दार सरकल्याचा आवाज.

दाराला कुलूप होतं. मी स्वतः लावलं होतं.

उंबऱ्यापाशी एक बूट काढल्याचा आवाज आला.

मग दुसरा.

मग आमच्या लाकडी जमिनीवर मोजे घातलेली पावलं. जड. दमलेली. सावकाश.

मला ओरडता येईना. उठता येईना. मी फक्त दाराकडे बघत होते.

दारात कुणीही आलं नाही. मला तरी दिसलं नाही.

पण रेवाचा चेहरा फुलला.

"बाबा! आज लवकर आलास!"

ती माझ्या हातांतून सुटली. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण कणकेचे हात निसटले. ती खोलीच्या मधोमध गेली आणि एक हात वर केला. बोटं मिटली. कुणाचं तरी बोट धरावं तशी.

आणि ती चालत बाहेरच्या खोलीत गेली. हात तसाच वर. बडबड चालू. पाळणाघरात कोण रडलं, कुणी कुणाला चावलं...

मध्ये मध्ये ती थांबायची. ऐकायची.

आणि हसायची.

प्रमथ आठला आला. मी दारातच उभी होते. 

"आलो गं! काय झालं? रेवा कुठेय?"

रेवा माझ्या मागे आली. माझा कुर्ता धरला. अर्धा चेहरा बाहेर काढून तिनं प्रमथकडे पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे कोण आहेत?"

प्रमथला वाटलं, ती खेळतेय. त्यानं खाली बसून हात पसरले. "मी राक्षस आहे! ये इकडे!"

ती किंचाळली. अशी, की शिओबाराबाईंच्या घरातला दिवा लागला.

पुढचं सगळं थोडक्यात सांगते. सांगवत नाही.

डॉक्टर झाले. तापानं झालं असेल, म्हणाले. ताप उतरला, बाकी काही बदललं नाही. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, घर बदलल्याचा ताण आहे, वेळ द्या. माझ्या आईनं व्हिडिओ कॉलवरून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायला लावली. मी काढली. कामेईंना फोन केला तर ते नुसते माफी मागत राहिले. कशाबद्दल, ते सांगेनात.

शिओबाराबाईंनी जवळच्या देवळातले पुजारी आणले. ते म्हातारे गृहस्थ उंबऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग प्रमथकडे वळून कमरेत वाकले.

"आगंतुक असता तर मी त्याला जा म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण त्याला घरातल्या माणसानं ये म्हटलंय."

प्रमथनं रजा घेतली. दिवसभर रेवाच्या आसपास राहायचा. तिची आवडती गाणी म्हणायचा, माकडचेष्टा करायचा. ती लांबून बघायची. पाचची धून वाजली, की दाराकडे धावायची.

एकदा मी स्वयंपाकघरातून पाहिलं. प्रमथ सोफ्यावर बसला होता, आणि रेवा त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेला टेकून गोष्ट ऐकत होती.

टेकून. तोल न जाता.

प्रमथला ते दिसत होतं. तो रडत नव्हता. नुसता बसला होता.

आम्ही घर सोडलं. मावेल ते सामान गाडीत भरलं. रेवा फाटकाला धरून आक्रोश करत होती.

"बाबाला सोडून कुठे नेतेस गं आई? बाबाला सोडून नको ना!"

प्रमथ शेजारीच उभा होता. तिच्या खेळण्यांचं खोकं हातात धरून.

शिओबाराबाई निरोपाला आल्या. वाळवलेली फळं माझ्या हातात कोंबली आणि कानाशी म्हणाल्या, "तुमच्या आधीच्यांत तो एकटाच गेला गं. नवरा. बायको आणि पोरं फाटकात उभी राहून त्याला निरोप देत होती. पाहुण्याला देतात तसा. तू पोरीला घेऊन निघालीस, हेच खूप झालं."

खूप झालं का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता आम्ही तोक्योच्या दुसऱ्या बाजूला, चिबामध्ये राहतो. स्टेशनजवळ, पाचव्या मजल्यावर. इथे पावलं येत नाहीत. दारात कुणी हाक मारत नाही. मी रोज कान देऊन ऐकते. काहीच नाही.

रेवा अकरा वर्षांची झाली. हुशार आहे. मैत्रिणी आहेत, पोहायला जाते, माझ्याशी कडाकडा भांडते. डॉक्टर म्हणतात, मुलगी उत्तम आहे.

प्रमथला आता ती घाबरत नाही. लहानपणचे फोटो आम्ही तिला दाखवले. तो तिचा बाबा आहे, हे समजावून सांगितलं. एकदा नाही, शंभरदा. ती शांतपणे ऐकते. "हो, तुम्ही सांगितलंय," म्हणते. त्याच्या ताटात वाढते. त्याच्या वाढदिवसाला कार्ड करते. त्याच्याशी कधी मोठ्यानं बोलत नाही, कधी हट्ट करत नाही. त्याला "तुम्ही" म्हणते.

पूर्वी ती त्याच्या पोटावर बसून त्याचे कान ओढायची.

गेल्या रविवारी प्रमथची पाठ धरली होती. रेवानं स्वतःहून चहा केला. ट्रेमध्ये ठेवून, दोन्ही हातांनी नेऊन दिला. "घ्या," म्हणाली. तो इतका हरखला, की चहा सांडलाच.

मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली आणला. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आणतात तसा.

"आई, ते खूप चांगले आहेत गं. मला आवडतात." जरा घुटमळली. "पण ते अजून किती दिवस राहणार आहेत आपल्याकडे?"

माझ्या हातातल्या भांड्यावर नळ वाहत राहिला.

मी मान वळवली. प्रमथ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एका हातात रिकामा कप, दुसरा कमरेवर. त्यानं ऐकलं होतं.

तो आत आला नाही. परतही गेला नाही.

त्यानं रेवाकडे बघून हलकेच मान लववली, आणि विचारलं, "मी इथे कप ठेवला तर चालेल ना?"