धुळीतला चौकोन

पुलाच्या चढावर शोरूमच्या मालकांची गाडी अचानक बंद पडली. मागच्या ट्रकनं ब्रेक दाबले, पण तो पुरता थांबला नाही. विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाईंना फोन गेला तेव्हा मालक हॉस्पिटलात होते, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"सरळसरळ घातपात आहे," फोनवर इन्स्पेक्टर म्हणाले. "शहरातल्या सगळ्यात मोठ्या शोरूमचा मालक, आणि त्याचीच गाडी बंद पडते? या मॉडेलची ही चौथी. संशयित तर माझ्या खिशातच आहे. त्यानं गाडीत काय केलं, तेवढं शोधून द्या."

"कोण तो?"

"चित्रकलेचा मास्तर. त्याची बायको याच मॉडेलच्या गाडीत गेली. हमरस्त्याच्या चौकात गाडी बंद पडली आणि ट्रकनं उडवली. मास्तर कोर्टात गेला. मालकांनी तीन गिऱ्हाइकं साक्षीला उभी केली. तिघांनीही सांगितलं, गाडीनं कधी दगा दिला नाही. बाईलाच चालवता येत नव्हतं, असं ठरलं. आता त्याच तिघांच्या गाड्या बंद पडल्यात, आणि चौथी मालकांची. अजून काय पाहिजे?"

ही गाडी डोळे झाकून घ्यावी, असं अख्खं शहर म्हणायचं. बाई पोटापाण्यासाठी गाड्या डोळे उघडे ठेवून बघत.

वर्कशॉपमध्ये चारही गाड्या ओळीनं उभ्या होत्या. सर्व्हिस मॅनेजर हात चोळत मागेमागे फिरत होता. बाईंनी एकेक बॉनेट उघडलं. तोडफोड नाही, कापलेली वायर नाही, पेट्रोलमध्ये काही नाही. फक्त बॅटरीच्या बाजूला, धुळीनं माखलेल्या पत्र्यावर, काडेपेटीएवढा स्वच्छ चौकोन. चारही गाड्यांत, त्याच जागी.

"इथे काय होतं?"

"काही नाही, मॅडम," मॅनेजर म्हणाला. पण बघितलं त्यानं दुसरीकडेच.

चारही गाड्यांत आरशाला अत्तराची छोटी बाटली लटकत होती. बाईंनी तिचा वास घेतला. चाफा.

साक्षीदारांपैकी एक दंतवैद्य होते. बाई त्यांच्या दवाखान्यात गेल्या.

"गाडी बंद पडायच्या आधी कुणी हात लावला होता?"

"कुणीच नाही. हां, शोरूममध्ये फोन घेते ती फोनवाली मुलगी आली होती. समाधानी ग्राहक म्हणून अत्तराची बाटली लावायला. मी पेशंटच्या तोंडात डोकं घालून बसलो होतो, चावी दिली तिला."

"आणि कोर्टात सांगितलंत ते खरं होतं?"

"अगदी खरं. साक्षीच्या आधी मालकांनी फुकट सर्व्हिसिंगही करून दिलं. माणूस मोठ्या मनाचा."

"दुसऱ्याच्या जिवावर मन मोठं करणं सोपं असतं," बाई म्हणाल्या. दंतवैद्यांना ते कळलं नाही.

मास्तरांच्या घरात कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. मास्तर शांतपणे बोलत होते.

"गाडीतलं काही कळतं तुम्हाला?"

"पेट्रोल कुठून भरतात, एवढंच. ते सगळं ती बघायची. गाडी मध्येच मान टाकते, अशी दोनदा तक्रार केली होती तिनं. सवय नाही म्हणून होतं, असं सांगून परत पाठवलं."

"साक्षीदारांवर राग असेल?"

"होता. पण त्यांची गाडी खरंच चांगली चालत असेल, तर ते खोटं काय बोलले?"

खिडकीत चाफ्याच्या अत्तराची तीच छोटी बाटली होती.

"गाडी नाही, मग ही कशाला?"

"मेहुणीनं लावली. माझ्या रंगांचा वास तिला सोसत नाही."

परतताना बाईंनी रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांना विनवून त्याच मॉडेलची बॉनेटं उघडायला लावली. आत सगळीकडे सारखीच धूळ. चौकोन कुठेच नव्हता.

संध्याकाळी मालकांच्या खोलीत बाईंनी सगळ्यांना बोलावलं. इन्स्पेक्टर, मॅनेजर, मास्तर. फोनवाली मुलगी मालकांच्या उशाशी फुलं ठेवत होती. तिला बघून मास्तर गोंधळले.

"तू इथे कशी?"

"या तुमच्या मेहुणी ना?" बाईंनी विचारलं.

मालक उशीवरून ताडकन उठायला गेले आणि कळवळले.

"चारही गाड्यांत कुणीतरी काहीतरी बिघडवलं, असं आपण धरून चाललो होतो," बाई म्हणाल्या. "तिथेच चुकलो. काहीच बिघडवलेलं नाही. उलट, बसवलेलं काढून घेतलंय. या गाडीचा करंट चालता चालता तुटतो. कंपनीला ते ठाऊक आहे. तो तुटू नये म्हणून तिनं एक डबी तयार केली आणि गुपचूप शोरूमला पाठवली. सगळ्यांना दिली असती, तर दोष कबूल केल्यासारखं झालं असतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. साक्षीदारांना डबी मिळाली ती फुकट सर्व्हिसिंगमध्ये, त्यांच्या नकळत. म्हणून ते कोर्टात खरं बोलले. या मुलीनं अत्तर लावायच्या निमित्तानं चाव्या घेतल्या, डब्या काढल्या, मूळचे प्लग परत जोडले. गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा झाल्या. मालक, तुमच्या गाडीतही चौकोन आहे. डबी तुम्ही कधी बसवलीत?"

मॅनेजरनं मान खाली घातली.

"सगळ्यात आधी, मॅडम. बाकीच्या कपाटात ठेवायला सांगितल्या. यांच्या ताई दुसऱ्यांदा तक्रार घेऊन आल्या, तेव्हाही त्या कपाटातच होत्या."

मुलीनं पर्स उघडली आणि चार काळ्या डब्या मालकांच्या प्लास्टरवर एकेक करून ठेवल्या. "मला हेच सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं होतं. नुसतं सांगितलं असतं, तर मलाही म्हणाले असते, सवय नाही."

"आणि ट्रकनं ब्रेक दाबले नसते तर?" बाईंनी कठोरपणे विचारलं. "हा माणूस मेला असता."

"ताईच्या वेळी दाबले नव्हते."

"पोरीला उचला!" मालक ओरडले.

"उचलतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "त्यातून तिची सुटका नाही. पण तुमच्या दारावरही शिपाई बसेल. पाय बरा झाला की तुम्हालाही यायचंय." त्यांनी डब्या रुमालात गुंडाळल्या.

मुलगी दाराकडे वळली. मास्तर वाटेत उभे राहिले.

"मला एका शब्दानं तरी सांगायचंस."

"नाही सांगितलं, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना माफ केलं असतंत."