आल्याची साक्ष

मराठी भाषेतून खोटेपणा कायमचा हद्दपार झाला आहे, अशी घोषणा मंत्रिमहोदयांनी सकाळी दहा वाजता प्रचंड जनसमुदायासमोर केली. 'पारख' यंत्राने ही बातमी लगेच तपासली. 'दहा वाजता' खोडून 'अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी' केलं आणि प्रचंड जनसमुदायाच्या जागी 'चौतीस जण, पैकी एकोणतीस कर्मचारी' असं घातलं. मंत्र्यांना त्या दिवसापासून यंत्रातून सूट मिळाली. लेखकांना मिळाली नाही.

पारख आत्मचरित्राचं प्रत्येक वाक्य जन्मनोंद, शाळेचा दाखला आणि सरकारदरबारच्या इतर कागदांशी ताडून पाहत असे. जुळलं तर पुस्तकावर 'सत्य' शिक्का बसे. नाही जुळलं तर यंत्र स्वतःच दुरुस्ती करी. दुरुस्ती नाकारली, तर पुस्तक 'कल्पित'च्या कपाटात जाई.

सांगलीच्या रंगभूमीवर अठरा वर्षं काढलेली नटी कादंबरी तांदळे आपल्या आत्मचरित्राचं हस्तलिखित परत घ्यायला पडताळणी केंद्रात आली, तेव्हा खिडकीमागचे मगदूम डबा उघडण्याच्या बेतात होते.

"अभिनंदन, ताई. चारशे बाराच दुरुस्त्या."

तिने बाड उघडलं. पुस्तकाचं नाव होतं 'आले'. ते 'आलो' झालं होतं. 'मी रडले'चं 'मी रडलो', 'वर्गात पहिली आले'चं 'पहिला आलो'. थेट एकशे त्रेचाळिसाव्या पानापर्यंत. त्या पानावर, ती एकतीस वर्षांची असताना, तिचं नवं नाव आणि लिंग राजपत्रात छापून आलं होतं. पारखने तिथे लिहिलं होतं : 'सकाळी मी उठलो. राजपत्र आलं. दुपारी मी जेवले.'

"म्हणजे उठला एक आणि जेवली दुसरीच?"

कादंबरीचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. केंद्रात रांग एकच होती. ती दोन पावलं मागे सरकली.

"नोंदीप्रमाणे आहे ते," मगदूम म्हणाले. "मान्य नसेल तर कल्पितमध्ये टाकतो. कादंबरी म्हणून."

"कादंबरी मी आहे. पुस्तक नाही."

"मग नाटक म्हणून? नाटकात चालतं हो कुणी काही बोललेलं."

"नाटक मी घरी केलं, मगदूम. एकतीस वर्षं. स्टेजवर गेल्यावर बंद केलं."

मगदूमांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "यंत्राने तिसरा पर्यायही दिलाय. 'आले' हेच नाव ठेवायचं असेल, तर... पाककृती विभाग."

तेवढ्यात यंत्रातून बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज आला. "हरकत असल्यास मी फेरतपासणी करते."

"करते?" कादंबरी गर्रकन वळली. "हिचा जन्मदाखला कुठाय?"

"ती कंपनीतून तशीच आली, ताई."

"मीही तशीच आले!"

रांगेतून कोणीतरी "बरोबर आहे" म्हटलं आणि लगेच मोबाइलमध्ये तोंड घातलं.

कादंबरीने अकरावं पान काढून खिडकीवर आपटलं. "चारशे अकरा दुरुस्त्यांसाठी मी कोर्टात जाईन. ही एक मात्र आत्ता मागे घ्यायची. इथे मी नऊ वर्षांची आहे. गॅदरिंगची तालीम करून मागच्या दाराने घरी आले. आई ओट्याकडे तोंड करून चहा करत होती. वळली नाही. म्हणाली, 'आलीस का गं?' आयुष्यात एकदाच म्हणाली. मी म्हटलं, 'आले.' बाहेरच्या खोलीतून अण्णा ओरडले, 'काय म्हणाला तो?' आई म्हणाली, 'आलं, आलं घालू का चहात, असं विचारतोय.'" तिने श्वास घेतला. "तुमच्या यंत्राने इथे 'आलास का रे' केलंय. माझ्या मेलेल्या आईच्या तोंडातला शब्द बदललाय. कुणी परवानगी दिली?"

मगदूमांनी यंत्राकडे पाहिलं. यंत्राकडे उत्तर होतं.

"हयात साक्षीदार एक. वडील, मुक्काम तासगाव. मी संपर्क साधते."

"नको!" कादंबरी म्हणाली. अण्णा तिच्याशी सतरा वर्षं बोलले नव्हते. पण घंटा वाजली, आणि पडद्यावर बनियन घातलेला, झोपमोड झालेला म्हातारा दिसू लागला.

"आपल्या अपत्याने त्या दिवशी 'आले' हा शब्द उच्चारला का?" यंत्राने सगळा प्रसंग वाचून दाखवून विचारलं.

"हो."

"चहात घालायचं आलं, या अर्थाने?"

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत लावला.

"त्या दिवशी चहात आलं नव्हतं," ते म्हणाले. "मी प्यायलो ना तो चहा."

यंत्र घरघरलं. "अकराव्या पानावरील मूळ वाक्य ग्राह्य. सुसंगतीच्या नियमानुसार पुढील सर्व क्रियापदे पूर्ववत. पहिल्या दहा पानांतील दुरुस्त्या कायम."

"बघा, सुटलं!" मगदूम डबा पुढे ओढत म्हणाले. "दहा पानांचं काय एवढं?"

"तुमची पहिली नऊ वर्षं उद्या कुणी बाई म्हणून छापली तर चालेल?" मगदूमांचा हात झाकणावरच राहिला. कादंबरी पडद्याकडे वळली. आवाज आता शेवटच्या रांगेसाठी नव्हता. "अण्णा, तुम्हाला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. शाळेत मला बडवलं तेव्हा माहीत होतं, मला घराबाहेर काढलंत तेव्हा माहीत होतं. आई एकटी खोटं बोलत राहिली आणि तुम्ही नुसता चहा पीत बसलात?"

अण्णांनी चष्मा पुन्हा काढला.

"उद्या मी दारात उभी राहिले," तिने विचारलं, "तर काय म्हणाल? आलास, का आलीस?"

म्हातारा शब्द शोधू लागला. अख्ख्या व्याकरणात त्याला एक सापडला.

"ये, म्हणेन."

"वाक्य तपासले," पारख म्हणाली. "लिंग आढळले नाही. दुरुस्ती शक्य नाही."

कादंबरी काही बोलणार, एवढ्यात अण्णा पुन्हा पडद्याजवळ सरकले.

"आणि येताना पावशेर आलं आण. इथलं सुकलेलं असतं."