चौदा चौकोन

"टेगन बये, चौदा दिवस आणि सगळं एका दमात लिहिलेलं?" ट्रूडीनं माझी वही खिडकीच्या उजेडात धरली. "खाली गाडीत बसून भरलीस ना?"

मी ओशाळले. ती हसली. "सगळेच भरतात गं. निदान पेन तरी दोन वापरत जा."

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या त्या हॉस्पिटलात नव्या औषधाच्या चाचणीवर आम्ही अकराजण होतो. माझा आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता. दर दुसऱ्या बुधवारी केमोचं सलाईन आणि घरी रोज चार गोळ्या. त्या खऱ्या की नुसत्या पिठाच्या, हे ट्रूडीलाही माहीत नव्हतं. चाचणीची नर्स असून. वहीत रोजचा ताप लिहायचा आणि बाकीच्या त्रासांना शून्य ते चार आकडे द्यायचे. शून्य म्हणजे काही त्रास नाही. त्रास फार वाढला किंवा स्कॅनमध्ये गाठी वाढल्या, की चाचणीतून बाहेर. त्यानंतर माझ्यासाठी दुसरं औषध उरलं नव्हतं.

माझी मुलगी विनी सत्तावीस जानेवारीला पहिल्यांदा शाळेत जाणार होती. मला तो एक दिवस हवा होता. डॉक्टरांना मी तारीख सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तारखा नको ठरवूस." आणि संगणकाकडे वळले.

ट्रूडीनं आणखी एक नियम शिकवला. "खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आधीचं लिहिलेलं वाचता आलंच पाहिजे. आमच्याकडे काही पुसलं जात नाही."

नोव्हेंबरात घाईघाईत मी दोन दिवस पुढचे भरून टाकले. नुसती शून्यं खोटी वाटतात म्हणून शुक्रवारी लिहिलं होतं, नाकातून रक्त, दोनदा. शुक्रवारी सकाळी भांडी घासताना सिंकमध्ये लाल थेंब पडला. दुपारी पुन्हा. मग नाही.

मी शहाणी बाई आहे, जीवशास्त्रात पदवी घेतलेली. योगायोग म्हणून सोडून दिलं. तरी रविवारच्या चौकोनात आधीच लिहून ठेवलं, ताप ३६.८ सेल्सियस, डाव्या अंगठ्याला मुंग्या, एक. रविवारी थर्मामीटर काखेतून काढला. ३६.८. डावा अंगठा झिणझिणत होता. उजवा नाही.

त्यानंतर मी प्रत्येक वही आधीच भरू लागले. ३६.८ आणि सगळीकडे शून्य. सलाईनमधल्या औषधानं बाकीच्यांना फ्रीजच्या दाराला हात लावला तरी शॉक बसल्यासारखं व्हायचं, ते हातमोजे घालून दूध काढायचे. मी बर्फ चघळायचे. डिसेंबरच्या स्कॅनमध्ये गाठी मिलिमीटरनंही वाढलेल्या नव्हत्या.

"कशी गं तू?" ट्रूडी म्हणाली. "काय खातेस?"

"शिस्तीत वही भरते."

नाताळच्या सुट्टीपूर्वी तिनं तीन वह्या एकदम दिल्या. त्यातली तिसरी चौदा ते सत्तावीस जानेवारीची. तिच्यातली शून्यं मी गाडीतच लिहून टाकली. तापाचे चौकोन राहिले, कारण मागच्या सीटवर विनी रडायला लागली. वही सीटवरच टाकून मी तिला आइसब्लॉक, बर्फाची कांडी, आणायला उतरले.

तेरा जानेवारीला दुपारी ती वही उघडली. तापाचे चौदाही चौकोन जांभळ्या स्केचपेननं भरलेले होते. विनीला दोनच आकडे यायचे, आमच्या पत्रपेटीवरचे. घर नंबर एकवीस.

प्रत्येक चौकोनात तिनं तेच काढलं होतं. २१. २१. २१.

"मी तुला मदत केली, आई," ती म्हणाली.

मी ओरडले नाही. नियमाप्रमाणे चौदा रेघा मारल्या, शेजारी चौदा वेळा ३६.८, चौदा सह्या, तारखा. रेघेखालचं जांभळं स्वच्छ वाचता येत होतं.

चौदा तारखेला सकाळी थर्मामीटरनं २१ दाखवलं.

मला काहीही होत नव्हतं. दुखत नव्हतं, मळमळ नव्हती. माझा नवरा ग्रँट मात्र झोपेत दचकून सरकला. "पाय तिकडे घे गं, गारठलेत. तू असलीस तर एसी बंद केला तरी चालेल." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला. त्यापुढे त्यानं तो विनोद केला नाही.

क्लिनिकमध्ये ट्रूडीनं माझ्या कानात यंत्र घातलं. बघितलं, झटकलं, पुन्हा घातलं. बॅटरी बदलली. दुसरं आणलं.

"दोन्ही बिघडली," ती म्हणाली. तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि लगेच उचलली. मग माझी वही ओढून माझी सही असलेला आकडा चार्टवर उतरवला. ३६.८.

"पोरी," तिनं हळूच विचारलं, "बरी आहेस ना?"

"शून्य," मी म्हणाले.

स्कॅन आला. गाठी तशाच. डॉक्टर पहिल्यांदा हसले.

सत्तावीसला मी विनीला शाळेच्या फाटकाशी नेलं. निळी टोपी, पाठीपेक्षा मोठं दप्तर. आंब्याच्या झाडाखाली बाकीच्या आया घाम पुसत होत्या. ग्रँटनं फोटो काढला. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

विनीनं माझा हात धरला नाही. ती माझ्या पिशवीचा पट्टा धरून चालली.

तीन वाजता मी फाटकाशी उभी होते. हवेत दमटपणा इतका, की फ्रीजमधून काढलेली बाटली हातात घ्यावी तर मिनिटात थबथबावी. समोरची बाई माझ्या हाताकडे बघत होती. मी खाली पाहिलं.

कोपरापासून मनगटापर्यंत बारीक थेंब धरले होते. घाम नव्हता. पुसले. पुन्हा धरले.

विनी धावत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"आई, तुझी वही आज संपते ना?"

"हो. उद्या ट्रूडी नवी देणार."

"उद्याचं मी लिहू? मला आज नवा आकडा आला."

मी हात मागे घेण्याआधीच तिनं माझ्या ओल्या कातडीवर बोट टेकवलं आणि, जीभ दातांत धरून, अगदी सावकाश एक गोल काढला.