आयडी जुनाच ठेवलास ना?

विश्वास ठेवा, न ठेवा, यातलं एक अक्षर रचलेलं नाही. रचायचंच असतं तर स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

रविवार, दुपारचे तीन. हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हर रूम. मी एकटाच होतो.

आधी मागचं सांगतो. आमची नवी इमारत मुख्य नेटवर्कला थेट जोडलेली नाही. मधल्या इमारतीतून व्हर्च्युअल लिंक टाकलीय. तिच्या दोन टोकांना दोन राउटर. प्रत्येकात समोरच्या राउटरचा आयडी भरावा लागतो. एक आकडा चुकला की लिंक मेली.

वर्षापूर्वी नव्या इमारतीतला राउटर मी बदलला. मास्तर, म्हणजे आमचे सीनियर, तळघरातून फोनवर होते.

“आयडी जुनाच ठेवलास ना रे?”

“हो, मास्तर.”

ठेवला नव्हता. विसरलो होतो.

लिंक उठेना. चाळीस मिनिटं वॉर्डात एकही रिपोर्ट पोचला नाही. मास्तर बिचारे आपल्या टोकाची चूक शोधत बसले, आणि मी गुपचूप जुना आयडी टाकून मोकळा झालो.

चौकशीत मी तोंडातून ब्र काढला नाही. चूक मास्तरांच्या टोकाची ठरली, त्यांची नोकरी गेली. दोन महिन्यांत तेही गेले.

मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, मला विचारलं, “खरंच यांचं चुकलं होतं का रे?”

मी चपलांकडे बघत ‘हो’ म्हणालो. त्याची लाज अजून जात नाही.

तर त्या रविवारी लिंक अचानक बंद पडली. स्क्रीनवर इशारा आला...

याच आयडीचा दुसरा राउटर नेटवर्कवर आहे.

दुसरा कुठला? नव्याखेरीज तो आयडी फक्त काढून ठेवलेल्या जुन्या राउटरात होता. तो तर कपाटात, कुलपात.

कपाट उघडलं. राउटर होता. ना वीज, ना केबल.

वर हात ठेवला...

कोमट लागला.

तेवढ्यात मास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याची वायर मीच काढून ठेवली होती.

उचलला.

“आयडी जुनाच ठेवलास ना रे?”

आवाजात राग नव्हता. तेच सहन होत नाही. खरं सांगायची वेळ पुन्हा आली होती, अगदी ओठांवर आलं होतं...

“हो, मास्तर.”



पलीकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली...

ते पुन्हा आपल्या टोकाची चूक शोधायला बसले होते.

थोड्या वेळाने लिंक आपोआप उठली. पण दर रविवारी तीनला तो फोन वाजतो. मी उचलत नाही. काकूंचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. मी लांबच्या रस्त्याने जातो.