नोहाच्या तळ्यातले मोती

“डिटेक्टिव्ह म्हणे! साधा पंखा नीट फिरत नाही यांचा.”

बाई स्वतःशीच पुटपुटल्या होत्या, पण बाकावर शेजारीच बसलेल्या रामहरीला ते स्वच्छ ऐकू आलं. त्याला राग आला नाही. पंखा खरंच कुरकुरत होता आणि तो दुरुस्त करून घ्यायचं काम गेल्या दिवाळीपासून त्याच्याकडेच होतं.

रामहरी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. नगरात खताच्या दुकानावरच्या खोलीत त्याच्या चुलत बहिणीचं, पंकजाचं, हे ऑफिस. पाटीवर ‘खासगी तपास’. पण येणारे बहुतेक जण होणारा जावई पितो का, एवढंच विचारायला यायचे. त्याचं उत्तर बहुधा रामहरीसुद्धा देऊ शकला असता.

या बाई मात्र वेगळंच घेऊन आल्या होत्या. मरिया साळवे, निवृत्त शिक्षिका, गाव घोडेगावच्या अलीकडे.

“मोत्यांची माळ गेली,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाने, नोहाने, आमच्या शेततळ्यात पिकवलेले मोती. आराधनाच्या, माझ्या मुलीच्या, गळ्यात लग्नात घालायची होती. लग्न डिसेंबरात होतं, पण यांची तब्येत… म्हणून आता येत्या शनिवारीच उरकतोय.”

“साहेबांना काय झालंय?”

“अशक्तपणा आहे,” मरियाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. एकेचाळीस मोती, सगळे गोल, सगळे एका मापाचे. पंकजाने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“पोलिसात?”

“हेच नको म्हणाले. उद्या नवऱ्या मुलाची मावशी येतेय. मोनिकाबाई. शिर्डीला तिचं दागिन्यांचं दुकान आहे, तिला माळ हातात घेऊन बघायचीये. त्याआधी माळ मिळाली नाही तर निदान चोर तरी सापडू द्या. नोहाचे मोती लेकीच्या गळ्यात बघायचे, एवढं एकच यांच्या मनात आहे हो.”

साळव्यांच्या अंगणात गुलाबाचे वाफे होते आणि वाफ्यांच्या कडेने शेकडो शिंपले एकाला एक लावून रोवले होते. रामहरीने एक उपटून बघितला. अख्खा, कुठे टवकाही उडालेला नाही. आतून बोट फिरवलं तर लोण्यासारखा.

“मम्मीची हौस,” आराधना म्हणाली. “पप्पांना खिडकीतून दिसावेत म्हणून.”

खिडकीपाशी खाटेवर शलमोन साळवे पडले होते. डोळे पिवळे, हातांची कातडी हाडांना चिकटलेली, पोटावर शेकायची रबरी पिशवी. उठवून बसवायलासुद्धा दोघं लागत. समोर लोखंडी कपाट, त्याची किल्ली त्यांच्याच उशाखाली.

रामहरीला राहवलं नाही. त्याने पिशवीला हात लावला. गार.

“काका, गरम पाणी भरून आणू?”

“नको. अशीच बरी हाय,” शलमोन म्हणाले आणि पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून पडून राहिले.

पंकजाने आराधनाला स्वयंपाकघरात गाठलं.

“गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सहादेवकाकांनी माळ ओवून, डबीत घालून आणून दिली,” ती म्हणाली. “चहा घेऊन ते गेले. मग पप्पा म्हणाले, माझ्या हातात दे. तेवढ्यात लाइट गेली. मी मेणबत्ती घेऊन आले तर त्यांनी डबी मिटून ठेवली होती. मी कपाटात ठेवली, किल्ली उशाखाली सरकवली.”

“उघडून पाहिलीस डबी?”

“पप्पांच्या हातची डबी कशाला उघडून बघू? शनिवारी मम्मीने शेजारणीला दाखवायला काढली, तर रिकामी. तासाभरात गावभर झालं.”

नोहा तळ्यावर होता. प्लास्टिक अंथरलेलं तळं, हिरवट पाणी, दोरीला लटकणाऱ्या जाळ्या रिकाम्या. शुक्रवारी रात्री तो नगरला औषध आणायला गेला होता, पावती खिशातच होती.

“मोती होतो कसा रे?” रामहरीने विचारलं.

पोराचा चेहराच बदलला. “शिंपल्याच्या आत, कवचाला लावून एक साचा ठेवायचा काका. आतल्या जीवाला तो खुपतो. मग तो त्याच्यावर थर चढवत बसतो. पातळ, एकावर एक, वर्ष-दीड वर्ष. मोती कवचाला धरूनच वाढतो. मशीनने कवच कापलं की मग सुटतो.”

“म्हणजे शिंपला वाया?”

“मम्मीने एकही टाकला नाही. सगळे गुलाबाला लावले.” तो पाण्याकडे बघत राहिला. “इथे पप्पांची मोसंबी होती. साठ झाडं. तळ्यासाठी त्यांनी स्वतः कुऱ्हाड घातली.”

घोडेगावात सहादेवच्या टपरीवर शुकशुकाट होता. दागिने ओवून देण्यात त्याची हयात गेलेली.

“बाई, मी माळ दिली, च्या पेलो, उठलो. तवापून लोक माझ्याकडं चोर म्हनून बगत्यात. काल एकजनी मंगळसूत्र ओवायला दिलेलं तसंच परत घिऊन गेली.”

“मोत्यांना भोकं तुम्हीच पाडलीत?”

“न्हाई. पाडूनच आनले हुते नोहानं. मी निस्तं ओवलं.” त्याने मान फिरवली. “जास्तीचं इचारू नका.”

गाडीत बसल्या बसल्या रामहरी म्हणाला, “पंकजे, हाच. नजर बघितलीस का?”

“काहीतरी लपवतोय खरा, भाऊ. पण माळ नाही.” तिला सगळं उलगडलं होतं, पण चेहरा उतरलेला होता. रामहरीला ते आवडलं नाही. केस सुटली की ती एरवी गाणं गुणगुणायची.

संध्याकाळी तिने सगळ्यांना शलमोनच्या खोलीत बसवलं. सहादेवलाही आणलं, तो दारातच उभा राहिला.

“कपाटातून काही चोरीला गेलेलं नाही,” पंकजा म्हणाली. “आराधनाने ठेवली तेव्हाच डबी रिकामी होती. लाइट गेली त्या दोन मिनिटांत माळ बाहेर निघाली, आणि तेव्हा खोलीत एकच माणूस होता. त्याला उठता येत नाही. म्हणजे माळ त्याच्या हाताच्या टप्प्यातच असणार. शेकायची पिशवी गार आहे आणि ते त्यात गरम पाणी भरू देत नाहीत.”

शलमोननीच पिशवीचं बूच फिरवलं आणि बोट घालून माळ ओढून काढली.

“अहो, पण का?” मरियाबाईंचा आवाज फुटला.

“उद्या मोनिकाबाई बघणार होत्या म्हणून. त्यांनी हातात घेताच ओळखलं असतं, की हे या तळ्यातले मोती नव्हेत.” पंकजा नोहाकडे न बघता बोलत होती. “इथला मोती कवचाला धरून वाढतो, म्हणजे त्याची एक बाजू सपाट राहते. माळेतले सगळ्या बाजूंनी गोल आहेत. सहादेवकडे ते भोकं पाडूनच आले, त्यांनी ते ओळखूनही झाकून ठेवलं. आणि मोती कापून काढले असते, तर कवचं कापलेली दिसली असती. गुलाबाभोवती सगळी अख्खी आहेत, एकावरही कापल्याची खूण नाही. काका खिडकीतून रोज तेच बघतायत.”

“मेच्या उन्हात शिंपले मेले सगळे,” नोहा जमिनीकडे बघत म्हणाला. “आठ दिवसांत. हे मोती मी हैदराबादहून मागवले. पप्पांना सांगणार कसं? झाडं तोडली होती त्यांनी.”

“मला ठाऊक हुतं रं. आईलाबी ठाऊक हुतं, तिनंच रोवलेत न्हवं शिंपले?” शलमोनना धाप लागली. “मांडवात पोराची फजिती नको, म्हनून लपवली. चोरीला गेली म्हनलं की इषय मिटला. सहादेवा, तुझ्यावर येईल हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या. चुकलं.”

सहादेवने नुसते हात जोडले. मरियाबाई ओल्या मोत्यांचं पाणी पदराने टिपत बसल्या होत्या, जणू तेवढंच काम उरलं होतं.

रामहरीला वाटलं, आता उठावं. पण नोहा गुडघ्यांवर खाटेपाशी आला.

“पप्पा, मी परत सोडतो शिंपले. सावलीला जाळी मारतो या वेळी. दीड वर्षात खरे मोती निघतील. तुमच्या हाताने काढू पहिला.”

“हो, काढू ना,” मरियाबाई घाईघाईने म्हणाल्या. “जरा अंगात ताकद येऊ दे तुमच्या.”

“अशक्तपणा गेला की,” आराधना म्हणाली.

शलमोननी तिघांकडे एकेक करून पाहिलं.

“मी मरतोय,” ते म्हणाले. “दिवाळी बगनार न्हाई मी. तुमी समदे तिकडं तोंड करून बसता, अन् मी तीन महिने झाले एकलाच मरतोय हितं. आता कुनीतरी बोला माझ्यासंगं.”